नवागत आणि नियमशास्त्र

धर्म बदलणाऱ्या मनुष्यापुढे तत्त्वांचा प्रश्न फारसा उरत नाही. ती पटली म्हणूनच तो उंबरठा ओलांडतो. त्याच्यापुढे उभा राहतो तो वेगळाच प्रश्न. जे आधीपासून आत आहेत, ते मला बरोबरीने पंगतीस घेणार की नाहीत? ख्रिस्ती धर्माच्या पहिल्याच पिढीत हा प्रश्न यहुदी नियमशास्त्राच्या निमित्ताने उपस्थित झाला. वाचकहो, आपल्यापैकी अनेक कुटुंबे नुकतीच असा उंबरठा ओलांडून आली आहेत. म्हणून तो इतिहास आपणांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

येशू ख्रिस्त यहुदी होता. जन्मानंतर आठव्या दिवशी त्याची सुंता झाली होती आणि त्याचे पहिले अनुयायीही यहुदीच होते. यहुद्यांच्या तोरा या नियमशास्त्रात परंपरागत गणनेप्रमाणे ६१३ आज्ञा आहेत. मुलाची सुंता करावी, शनिवारी काम करू नये, डुकराचे मांस व रक्त खाऊ नये, या त्यांपैकी ठळक होत. आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवी, म्हणून लोक त्यास ‘शनवार तेली’ म्हणत. त्यामागे हेच शास्त्र होते. श्रद्धावान यहुदी या आज्ञांस जाच समजत नाही. ईश्वराने आपल्या पूर्वजांशी केलेल्या कराराची ती खूण तो मानतो. साऱ्या जगाने त्या पाळाव्यात असा त्याच्या धर्माचा आग्रहही नाही. इतरांसाठी यहुदी शास्त्र्यांनी नोहाच्या सात आज्ञा पुरेशा मानल्या. मग वाद कोठे उत्पन्न झाला? ग्रीक व सिरियन लोक येशूच्या पंथात येऊ लागले तेव्हा. ख्रिस्ती होण्यासाठी त्यांनी आधी यहुदी व्हावे काय?

आज तुर्कस्तानात असलेल्या अंत्युखिया नगरात हा वाद जेवणाच्या वेळी पेटला. तेथे यहुदी व यहुदीतर अनुयायी एकत्र जेवत असत, आणि येशूचा प्रमुख शिष्य पेत्र त्यांच्यासमवेत बसत असे. पुढे यरुशलेमहून याकोबाकडील काही माणसे आली. त्यांच्या भयाने पेत्र मागे सरला व वेगळा राहू लागला. त्याचे पाहून बर्णबाही बाजूस झाला. पौल हा स्वतः यहुदी, नियमशास्त्रात मुरलेला परुशी. परंतु त्याने पेत्रास सर्वांसमक्ष जाब विचारला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने हा प्रसंग स्वतःच नमूद केला आहे.

पेत्राने कोणाचा बाप्तिस्मा रद्द केला नव्हता, की कोणाची श्रद्धा खोटी ठरविली नव्हती. तो केवळ पंगतीतून उठला होता. परंतु ‘तुम्ही आत आलात खरे, पण आमच्या बरोबरीचे झाला नाहीत,’ हा त्या उठण्याचा अर्थ न कळण्याइतके कोण भोळे असते? भाकरी व प्याला वाटून घेणे ही ज्या समाजाची उपासना, त्यात दोन पंगती पडणे म्हणजे दोन जाती पडणे होय. पौलाने हे ओळखले, म्हणूनच तो गप्प राहिला नाही.

याच सुमारास, इ. स. ४९ च्या आसपास, यरुशलेमात प्रमुखांची सभा भरली. नवागतांवर सुंतेची सक्ती करू नये, असा निर्णय तेथे याकोबानेच मांडला. मूर्तींस वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस व व्यभिचार, एवढे चारच निर्बंध ठेवण्यात आले. यात नियमशास्त्राची निंदा नव्हती. यहुदी मातेच्या तीमथ्याची सुंता पौलाने स्वतः करविली. ग्रीक असलेल्या तीताच्या बाबतीत मात्र त्याने सक्ती मानली नाही. ज्याचा आचार त्याने पाळावा, पण तो प्रवेशाची अट होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

हा न्याय पुढे टिकला काय? दुर्दैवाने नाही. इ. स. ३८६-३८७ मध्ये, त्याच अंत्युखियात, यहुद्यांच्या सणांस जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध योहान ख्रिसोस्तोम याने प्रवचने केली व त्यांत यहुद्यांवर विखारी आग ओकली. चौथ्याच शतकात लावदिकिया येथील धर्मसभेने शनिवारी विश्रांती घेण्यास ख्रिस्ती मनुष्यास मनाई केली. पूर्वी नियम पाळण्याची सक्ती होऊ घातली होती. आता न पाळण्याची सक्ती झाली. १४४९ मध्ये स्पेनमधील तोलेदो नगरात तर धर्मांतरित यहुद्यांच्या वंशजांस सार्वजनिक पदे बंद करण्यात आली. पोप पाचवे निकोलस यांनी त्याच वर्षी याचा निषेध केला, तरी रक्तशुद्धीचे असले नियम पुढे पसरतच गेले. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. डुकराचे मांस टाळणे व शनिवार पाळणे हे तेथे नव्या ख्रिस्ती मनुष्याविरुद्ध पुरावे ठरले. पुढे मीठ न घालता भात शिजविणे हादेखील, जुनी हिंदू चाल म्हणून, अपराध ठरला. ही संस्था कायमची बंद होण्यास १८१२ साल उजाडावे लागले.

उलटपक्षी, इथिओपियाच्या प्राचीन चर्चमध्ये आजही मुलांची सुंता होते, डुकराचे मांस वर्ज्य आहे आणि शनिवार व रविवार दोन्ही पवित्र मानले जातात. म्हणजे आचार भिन्न असूनही धर्म टिकतो. आणि यहुद्यांस ईश्वराने टाकलेले वा शापिलेले म्हणून दाखवू नये, असे रोमन चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केले, तेव्हा तिने पौलाच्याच पत्राचा आधार घेतला.

वाचकहो, यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. प्रवेश विधीने मिळतो. समता मिळाली की नाही हे पंगतीत कळते. काल बाहेर उभा असलेला मनुष्य आज आत येऊन दार अडवून उभा राहू शकतो, हे अंत्युखियाच्या एकाच नगराने दाखविले आहे. तेव्हा आपल्यामागून जे कुटुंब येईल, त्यास त्याचे जुने गाव, जुने कूळ, जुनी चाल विचारण्यापूर्वी पान मांडावे. आणि एखादा मान्यवर भयाने पंगत सोडून उठू लागला, तर तो कितीही मोठा असो, त्यास सर्वांसमक्ष विचारण्याचे धैर्य आपणांत असावे.