थंडी हरवल्याचा आनंद मानावा काय?

पौष सरून माघ लागला की वैनगंगेच्या खोऱ्यातील गावोगावी शेकोट्या पेटाव्यात, खळ्यावरच्या तणसाच्या ढिगावर पहाटेचे दव साचावे आणि प्रभात शाखेला निघालेल्या स्वयंसेवकाने कानटोपी ओढून घ्यावी, हा भंडारा जिल्ह्याचा वर्षानुवर्षांचा क्रम होय. अलीकडच्या काही वर्षांत या क्रमात वारंवार खंड पडू लागला आहे. संक्रांत होते न होते तोच दुपारचे ऊन अंगाला लागते, गोधड्या पेटीत परत जातात आणि 'यंदा थंडी पडलीच नाही, बरे झाले' असे उद्गार बसस्थानकापासून देवळाच्या पारापर्यंत ऐकू येतात. लगेच दुसरा कोणीतरी हवामान बदलाची आठवण करून देतो आणि पहिल्याच्या चेहऱ्यावर अपराध्याचा भाव उमटतो. अवेळी लाभलेल्या या उबेचा आनंद मानावा की खंत करावी? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी निसर्गाशी मनुष्याचे नाते काय, हा मूळ प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

ही केवळ लोकांची समजूत नव्हे, याला आकड्यांचा आधार आहे. भारतीय हवामान विभागाकडे १९०१ पासूनच्या देशव्यापी नोंदी आहेत. त्यांनुसार २०२३ च्या फेब्रुवारीत देशाचे सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश सेल्सिअस होते. तोवरच्या कोणत्याही फेब्रुवारीपेक्षा ते अधिक होते. दोनच वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीत, सरासरी तापमान २२.०४ अंशांवर, म्हणजे सामान्यापेक्षा १.३४ अंश वर गेले आणि आणखी एक उच्चांक नोंदला गेला. त्याआधीचे २०२४ हे वर्ष भारतात १९०१ नंतरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले होते. याचा अर्थ थंडी कायमची गेली असा नव्हे. २९ डिसेंबर २०१८ रोजी शेजारच्या नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. परंतु एखाद्या गारठलेल्या पहाटेने कल बदलत नाही. कल उष्णतेकडेच आहे.

सुखावणाऱ्यांना दोष देऊ नये

उबदार हिवाळ्याने सुखावणारे सारेच बेफिकीर असतात, असे समजणे अन्यायाचे होईल. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी रात्रभर मचाणावर जागणारा शेतकरी, पहाटे गार पाण्यात उतरून जाळे टाकणारा ढिवर, कुडाच्या घरात एका घोंगडीवर रात्र काढणारी वृद्धा यांच्यासाठी कडाक्याची थंडी ही कवितेचा विषय नसून देहदंड आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम असतो. मंडईच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके रंगतात आणि हजारो माणसे उघड्यावर बसून ती पाहतात. त्यांना रात्र थोडी सुसह्य झाली तर आनंदच होणार. उन्हाळी धान घेणाऱ्या शेतकऱ्याचेही असेच आहे. कडक थंडीत त्याच्या पऱ्ह्यांची वाढ खुंटते. हवा उबदार राहिली तर ती लवकर जोम धरतात. हे सुख खरे आहे, ते नाकारून कोणाचेही प्रबोधन होत नाही.

मात्र या सुखाची किंमत कोण चुकवतो, हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे. भंडाऱ्याच्या बांधीत धान कापणीला येण्याच्या सुमारास उभ्या पिकातच लाखोळी आणि जवस यांचे बी फेकण्याची पद्धत जुनी आहे. ना नांगरट, ना पाणी. जमिनीत उरलेला ओलावा आणि पहाटेचे दव एवढ्याच भांडवलावर हे पीक उभे राहते. हिवाळा तापला की ओलावा लवकर उडतो आणि गरिबाच्या घरची डाळ व तेल तिथेच आटते. हरभऱ्याला कोरडी थंडी मानवते. ढगाळ, उबदार हवेत घाटेअळी बळावते. गव्हाला फुटवे येण्यासाठी आणि दाणा भरण्यासाठी गार रात्री लागतात. फेब्रुवारी-मार्च तापले की दाणा बारीक राहतो. २०२२ चा मार्च विक्रमी उष्ण ठरला, उत्तर भारतातील गव्हाला त्याचा फटका बसला आणि १३ मे रोजी केंद्र शासनाला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. पऱ्हे वाचल्याचा आनंद मानणाऱ्या उन्हाळी धानाच्या शेतकऱ्यालाही पुढे एप्रिल गाठायचा असतो. फुलोऱ्याच्या वेळी तापमान साधारण ३५ अंशांच्या वर गेले की परागीभवन बिघडून लोंब्या पोचट राहू लागतात. नोकरदाराला दुपार सुखाची वाटते, त्याच दुपारी त्याच्याच गावच्या भावाच्या बांधीला भेगा पडत असतात. समाज हे एक शरीर आहे असे म्हणणाऱ्यांना ही विसंगती बोचली पाहिजे.

दोन टोके, दोन्ही चुकीची

या विषयावर समाजात दोन टोकाच्या भूमिका दिसतात. पहिली पश्चिमेकडून आयात झालेली आहे. प्रत्येक सुखाबरोबर अपराधगंड बाळगा, जगबुडीची वाट पाहा आणि तिचे पाप सर्वांच्या माथी सारखेच मारा, असा तिचा सूर असतो. हा सूर भारताने निमूटपणे का स्वीकारावा? १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने भारतीय भातशेतीतून दरवर्षी सुमारे ३८ दशलक्ष टन मिथेन वायू बाहेर पडतो, असा अंदाज मांडला होता. जणू जगाच्या तापाला भंडाऱ्याचा, बंगालचा आणि तामिळनाडूचा धान उत्पादकच जबाबदार! राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रत्यक्ष शेतांत मोजमाप केले, तेव्हा हा आकडा सुमारे ४ दशलक्ष टनांवर आला. त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी पोट भरण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन यांतील भेद जगापुढे ठेवला. आजही भारतीय माणसाचे दरडोई कार्बन उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. दीड-दोन शतके कोळसा आणि तेल जाळून श्रीमंत झालेल्या राष्ट्रांनी धान पिकवणाऱ्याला नैतिकतेचे पाठ देणे हा दांभिकपणा होय.

परंतु या दांभिकपणाचा राग येऊन काही राष्ट्रप्रेमी मंडळी दुसऱ्या टोकाला जातात आणि हवामान बदल हे पाश्चात्त्यांचे थोतांडच आहे, असे सांगू लागतात. इथे सावध राहिले पाहिजे. डॉ. मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोप खोडून काढला तो मोजमाप नाकारून नव्हे, तर अधिक काटेकोर मोजमाप करून. आरोप करणारा खोटा असला म्हणून तापमापी खोटी ठरत नाही. फेब्रुवारीचे उच्चांक आपल्याच हवामान विभागाने आपल्याच केंद्रांवर नोंदवलेले आहेत. शिवाय उत्सर्जनाचा वाटा लहान असला तरी तो शून्य नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याचे ३,३०० मेगावॅटचे वीजकेंद्र कोळशावरच चालते आणि अशा विजेवरच महाराष्ट्रातील घराघरांतले दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे चालतात.

कालाचे बिघडणे

मग भारतीय दृष्टी काय सांगते? चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात या प्रश्नाच्या अगदी निकट जाणारा विचार आहे. गंगेच्या तीरावर, कांपिल्य नगरीजवळ, पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला जनपदोद्ध्वंसाची, म्हणजे देशच्या देश उद्ध्वस्त करणाऱ्या व्याधींची, कारणे सांगतात. प्रकृती, आहार, वय वेगवेगळे असूनही सारी माणसे एकाच वेळी पीडित का होतात? कारण वायू, जल, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान असतात आणि त्या बिघडल्या की कोणीही सुटत नाही. बिघडलेल्या कालाचे लक्षण काय, तर ऋतूने आपला धर्म सोडून विपरीत वागणे. आत्रेय इथेच थांबत नाहीत. या बिघाडाचे मूळ ते अधर्मात आणि प्रज्ञापराधात, म्हणजे कळत असूनही चुकीचे वागण्यात, शोधतात. कर्बवायूचे रसायन त्या काळी ठाऊक नव्हते आणि ते होते असा दावा करण्याचीही गरज नाही. सामाईक हवेचा बिघाड हा सामाईक आचरणाचा प्रश्न आहे, ही जाण मात्र तेव्हा होती.

आपले पंचांगही हेच सांगते. चांद्रमास ऋतूंपासून सरकू नयेत म्हणून पूर्वजांनी अधिक मासाची योजना केली. संक्रांतीचा तीळगूळ, होळीचा पळस, चैत्रातले पन्हे हे सण आणि ऋतू यांच्या सांध्यावर उभे आहेत. गणिताने महिना ऋतूशी जुळवता येतो. पण ऋतूनेच जागा सोडली तर कोणता अधिक मास घालणार?

ईशावास्योपनिषदाचा पहिलाच मंत्र भोग घेण्यास मनाई करत नाही. त्यागपूर्वक भोग घ्यावा असे तो सांगतो. उबदार दुपारचा आनंदही याच कसोटीवर तपासावा. त्यात अपराधगंडाला जागा नाही, कारण अपराधगंडाने एकही झाड उगवत नाही. बेफिकिरीलाही जागा नाही. आनंद घ्यावा आणि तो ज्याच्या पदरचा आहे त्याचे ऋण फेडावे, हा मधला नव्हे, तर खरा मार्ग होय.

ऋण कोठे फेडावे?

भंडाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. ते गावाच्या वरच्या अंगाला पसरलेले आहे. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना जिव्हाळ्याने मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजातील जाणकारांनी उतार आणि ओढे पाहून ही तळी बांधली. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय लोकपरंपरा कोलू पाटलाच्या नावाने ओळखते. वनाधिकारी म्हणून तेथे वर्षे घालवलेल्या मारुती चितमपल्लींनी त्या परिसरातील पक्षी आणि वनविद्या मराठी वाचकांच्या घरी पोहोचवली. धानाला पाणी, ढिवरांना मासे, गुरांना निवारा, विहिरींना पाझर आणि हिवाळी पाहुण्या बदकांना आश्रय, एवढे सारे एका पाळीने साधले होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, ते योग्यच झाले. पण तळी शासनाकडे गेली आणि पाळ, सांडवा, पाट यांची देखभाल करणारा गाव हळूहळू प्रेक्षक बनला. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, पाळीवर अतिक्रमणे झाली. हिवाळे तापतील तसतशी या उथळ झालेल्या तळ्यांची वाफ अधिक वेगाने होईल आणि रब्बीच्या ऐन गरजेला ती कोरडी पडतील.

उलट उदाहरणेही याच मातीत आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकारी संस्थांना सोबत घेऊन काही तळ्यांत बेशरम काढून स्थानिक जलवनस्पती पुन्हा लावल्या. राज्य शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहे. संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण हा एक विषय आहे. तो बौद्धिकापुरता न राहता तळ्याच्या पाळीवर उतरला पाहिजे. प्रत्येक शाखेने एक तळे पाहावे. त्याची पाणीपातळी, पक्षी आणि पाळीवरची झाडे यांची वही ठेवावी. गाळ काढण्याच्या वेळी ढिवर आणि शेतकरी यांच्यासोबत उभे राहावे. गृहिणींनी आणि विद्यार्थ्यांनी घरच्या विजेचा हिशेब ठेवावा. शिक्षकांनी आंब्याचा मोहर आणि पळसाची पहिली फुले यांच्या तारखा मुलांकडून लिहून घ्याव्यात. दहा वर्षांनी त्या नोंदीच आपल्या मोजमापाचे बळ ठरतील.

माघातल्या उबेत अंगणात खुर्ची टाकून बसणाऱ्या गृहस्थाला कोणी उठवू नये. त्याने ऊन खुशाल घ्यावे. मात्र संध्याकाळी उठून गावच्या तळ्याकडे एक फेरी मारावी आणि पाणी किती उतरले ते पाहावे. पुढे काय करायचे, हे त्याला वेगळे सांगण्याची गरज उरणार नाही.