'सिंपल टिप्स' म्हणायचं मी का बंद केलं

पुढच्या व्हिडिओपासून थंबनेलवर 'सिंपल टिप्स अँड ट्रिक्स' ही पाटी दिसणार नाही. या शब्दांवर क्लिक जास्त येतात हे मलाही माहीत आहे. तरी काढतोय.

'टिप्स'बद्दल माझी तक्रार नाही, तो शब्द आता मराठीच झालाय. 'ट्रिक' मात्र मला पहिल्यापासून खटकतो. गिऱ्हाईकानं कुठं वाचलं की हा दुकानदार ट्रिका शिकून आलाय, तर तो दुसऱ्यांदा पायरी चढेल का? पण खरा घोळ घालतो तो 'सिंपल'.

माझंच उदाहरण घ्या. मी एकदा सांगितलं होतं, "सिंपल टिप: खरेदीवर 20 टक्के लावा आणि सणाला 20 टक्के सूट द्या, गर्दी होतेच." एका चप्पलवाल्या भावानं दिवाळीत तेच केलं. गर्दी झाली, माल संपला आणि गल्ल्यात पैसे कमी! हिशोब मांडला तेव्हा दोघांच्या लक्षात आलं. 500 रुपयांची जोडी, 20 टक्के लावून 600. सूट मात्र 600 वर बसते, म्हणजे 120 रुपये. जोडी गेली 480 ला. प्रत्येक जोडीमागं 20 रुपये खिशातून, वर भाडं, लाईट बिल, पोराचा पगार वेगळा. 20 टक्के सूट देऊन नुसती खरेदी सुटायची म्हटलं तरी किंमत 625 लागते, आणि जोडीमागं 100 रुपये हवे असतील तर 750. चूक त्याची नव्हती. मी 'सिंपल' म्हटलं म्हणून त्यानं कागद-पेन काढलंच नाही.

दुसरं, जीएसटीची कंपोझिशन स्कीम. दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर व्यापाऱ्याला 1 टक्का कर, कागदपत्रं कमी. ऐकायला लई भारी. पण ही स्कीम घेतली की परराज्यात माल विकता येत नाही, आणि बिलावर गिऱ्हाईकाकडून करही घेता येत नाही. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओवाल्याला पहिली अट किरकोळ वाटेल. आपल्याला कागल ओलांडलं की कर्नाटक! निपाणीच्या दुकानाला दोन पेट्या पाठवायच्या म्हटल्या तरी अडचण. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय मिळालं, तेही दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांना मिळून, कारण हा धंदा हद्द बघून चालत नाही.

काही गोष्टी खरोखर सोप्या असतात, मान्य. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, कोणी फी मागितली तर देऊ नका. एका ओळीत संपलं. असं असेल तिथं मी 'सोपं आहे' असं मराठीत सरळ सांगेन.

बाकी व्हिडिओंचं नाव आता 'आधी हिशोब'. नाव जरा मास्तरकी वाटतंय, बायकोही हसली. व्ह्यूज पडतील कदाचित, बघू. पहिल्या भागात सुटीचंच गणित घेणार आहे, तुमच्या दुकानातल्या एका वस्तूची खरेदी किंमत लिहून घेऊन बसा.