मोजा, पण ओळखू नका!

सबमिशन संपल्यावर आपण सगळे एखाद्या मॉलमध्ये ए.सी. खायला जातो. खिशात असतात शंभर रुपये आणि आपण हिंडतो चार मजले. पुढच्या वेळी गेलात की दुकानाच्या दारातून आत शिरताना जरा मान वर करून बघा. बऱ्याच ठिकाणी चौकटीच्या वर एक छोटीशी डबी बसवलेली दिसेल. तो चोर पकडणारा कॅमेरा असेलच असं नाही. ती डबी आपल्याला मोजत असते!

सगळ्यात साधी डबी तर सेकंड इयरचा पोरगाही बनवेल. दारात इन्फ्रारेडचे दोन किरण ठेवायचे. आधी पहिला तुटला आणि मग दुसरा, तर माणूस आत आला. उलटं झालं तर बाहेर गेला. दोन माणसं खांद्याला खांदा लावून शिरली की ही डबी एकच धरते, म्हणून आता वरून बघणारे दोन भिंगांचे कॅमेरे आले. ते उंचीचा अंदाज घेऊन मोठं माणूस आणि लहान मूल वेगळं काढतात.

हा आकडा दुकानदाराला कशाला हवा? समजा दिवसभरात १००० माणसं आत आली आणि २०० बिलं फाटली, तर त्यांच्या भाषेत कन्व्हर्जन रेट २० टक्के. नुसता गल्ला मोजला तर धंदा कमी झाला एवढंच कळतं. पण माणसंच आली नाहीत की आली आणि रिकाम्या हाताने गेली, हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. पहिल्यात जाहिरात बघायची. दुसऱ्यात साईज संपलेत का, ट्रायल रूमसमोर रांग लागते का, बिलिंगला एकच काउंटर चालू आहे का, ते बघायचं. संध्याकाळी सात वाजता गर्दी होते हे आकड्यावरून कळलं तर त्या वेळेला चार माणसं जास्त ठेवता येतात. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. उलट इंजिनीअर म्हणून मला हे आवडतं.

तक्रार पुढे आहे. पहिली गोष्ट म्हणजे तो आकडा. आपल्याकडे लग्नाची साडी घ्यायला सहा जण जातात. नवरी, आई, मावशी, काकू, कंटाळलेले बाबा आणि पिशव्या धरायला धाकटा भाऊ. बिल एकच! डबीच्या हिशोबात सहातले पाच 'गेलेले गिऱ्हाईक'. मग महिन्याच्या मीटिंगमध्ये मॅनेजर विचारणार, "तुमच्या सेक्शनचा रेट कमी का?" आणि दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या सेल्सगर्लचा इन्सेंटिव्ह कापला जाणार. तिने मावशीला पन्नास साड्या उलगडून दाखवल्या हे त्या डबीला दिसत नाही. आपल्या मेसमध्ये किती ताटं लागली हे मोजता येतं, पण भाजी का टाकली हे ताट मोजून कळत नाही, तसंच हे. एका आकड्यावर माणसाचा पगार ठरवू नये, एवढं तर आपण व्हायव्हाचे मार्क बघून शिकलेलोच आहोत!

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. मोजणं संपून ओळखणं कधी सुरू होतं?

ब्रिटनमध्ये टेस्कोच्या मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक आपलं क्लबकार्ड दाखवून दारातच एक हातातला स्कॅनर घेतं आणि वस्तू स्वतःच स्कॅन करत पिशवीत टाकतं. क्लबकार्ड १९९५ पासूनचं आहे. तुम्ही आधी काय उचललं, नंतर काय, कुठली वस्तू परत ठेवली, हे सगळं अशा यंत्रावरून नोंदवता येतं. पण यात एक प्रामाणिकपणा आहे. यंत्र तुम्ही स्वतःच्या हाताने उचलता, बदल्यात रांग वाचते, किती बिल झालं ते चालता चालता कळतं. नको असेल तर यंत्र तिथेच ठेवून साध्या काउंटरवर जा, कोणी अडवत नाही.

आता हे बघा. अमेरिकेत नॉर्डस्ट्रॉम कंपनीने २०१२-१३ मध्ये काही दुकानांत गिऱ्हाइकांच्या मोबाईलचे वाय-फाय सिग्नल टिपून कोण कुठल्या विभागात किती वेळ थांबतं ते बघितलं. दारात पाटी लावली होती. पाटी वाचून लोकांनी तक्रारी केल्या आणि मे २०१३ मध्ये प्रयोग बंद झाला. कॅनडात तर पाटीचाही धड पत्ता नव्हता. कॅडिलॅक फेअरव्ह्यू या कंपनीच्या १२ मॉलमध्ये, 'अमुक दुकान कुठे आहे' हे दाखवणाऱ्या फलकांतच कॅमेरे दडवले होते. वय आणि लिंगाचा अंदाज घेण्यासाठी ५० लाखांहून जास्त चेहऱ्यांचे फोटो घेतले गेले, असं तिथल्या प्रायव्हसी कमिशनरांनी २०२० मध्ये जाहीर केलं. नकाशा बघायला थांबलेल्या माणसाला आपलाच नकाशा काढला जातोय याची कल्पनाच नव्हती.

आपल्याकडे काय? बिल करताना मोबाईल नंबर मागणं हे तर आता 'चहा घेणार का' इतकं सवयीचं झालंय. नंबर दिल्याशिवाय बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं ग्राहक मंत्रालयाने मे २०२३ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. म्हणजे कायदा येतोय. पण काउंटरवर "नंबर नाही देणार" म्हणणारे आपल्यात किती? मी स्वतः परवापर्यंत मुकाट्याने देत होतो.

कोणी म्हणेल, "सी.सी.टी.व्ही. तर सगळीकडेच आहे, आणि आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" फरक असा की साध्या सी.सी.टी.व्ही.चं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा काही घडल्यावर उघडलं जातं. इथे काहीही न घडता प्रत्येकाचा हिशोब कायम चालू राहतो. आणि कोपऱ्यावरच्या वाण्यालाही आपली सगळी माहिती असतेच की! खरंय. पण त्याच्या वहीतलं आपलं पान आपल्याला बघता येतं आणि चुकलं असेल तर भांडताही येतं. त्या डबीशी कोण भांडणार?

हे सगळं कॉलेजच्या अंकात लिहायचं कारण म्हणजे ती डबी बनवणारे उद्या आपणच असणार आहोत. कॅम्पसमधून सिलेक्शन झाल्यावर टीम लीडर सांगेल, "अरे, फोटो पण सेव्ह करून ठेव, पुढेमागे उपयोगी पडतील." कोडची ती एक ओळ लिहायची की नाही, हा प्रश्न तेव्हा कायद्याच्या पुस्तकात नसेल, आपल्या कीबोर्डवर असेल.

माझं म्हणणं साधं आहे. माणसं मोजायची असतील तर जरूर मोजा. चित्र यंत्रातच तपासून तिथेच पुसा, बाहेर फक्त आकडा पाठवा. दारावर आपल्या आईला वाचता येईल अशा मराठीत पाटी लावा. आणि तो आकडा दुकान सुधारायला वापरा, कामगाराचा पगार कापायला नको.

फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांनी हा घ्यायला हरकत नाही: दारातली माणसं मोजणारं, पण मेमरीत एकही चेहरा न ठेवणारं यंत्र. पहिली टेस्टिंग आपल्या मेसच्या दारातच करू. पण आधी पाटी लावून, बरं का!