अंधांचे घर कोणत्या खात्यात?

सुगम्यता म्हटली की आपल्या पालिकांना रॅम्प आठवतो. दृष्टिहीनाला त्याचा उपयोग किती, हा प्रश्न निविदा काढताना कोणाला पडत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात दिव्यांग हक्क नियमांतला नियम १५(१) रद्दबातल ठरवला. सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असे बजावून केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. निकाल मोलाचा आहे. पण त्याचा रोख रस्ते, कचेऱ्या, वाहतूक यांकडे. माणूस सर्वाधिक वेळ काढतो त्या घराकडे बघायला कोणतेच खाते नाही.

काचबिंदूने किंवा मधुमेहाने उतारवयात नजर गेलेल्यांची अडचण वेगळीच असते. पुष्कळांना थोडेफार दिसते. पण पांढऱ्या फरशीवरचे पांढरे कमोड ओळखू येत नाही, जिन्याची शेवटची पायरी कळत नाही, ओट्याच्या चकचकीत ग्रॅनाइटवरून दिव्याची तिरीप डोळ्यांत घुसते. उपाय फार खर्चाचे नाहीत. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी, भिंतीहून वेगळ्या रंगाचा स्विचबोर्ड, शेगडीच्या बटणावर ‘बंद’ची खूण सांगणारा उंचवट्याचा ठिपका, अर्धवट उघडे राहून कपाळमोक्ष करणार नाही असे सरकते दार. उलट, मुलगा हौसेने सपाट काचेची इंडक्शन शेगडी आणतो आणि जन्मभर रांधलेल्या आईच्या हातून स्वयंपाकघर जाते. मग ‘तू बस, आम्ही करतो’ सुरू होते. या मायेने माणूस लवकर परावलंबी होतो.

काय बदलायचे आणि काय जागच्या जागी ठेवायचे, हे घरी येऊन, तिथे राहणाऱ्यालाच विचारून ठरवणारा प्रशिक्षित माणूस हवा. इंग्लंडमध्ये अशा फेरबदलांसाठी स्थानिक परिषदा पात्र व्यक्तींना ३० हजार पौंडांपर्यंत अनुदान देतात. आपल्याकडे पैसाच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्य शासनाचाच आदेश आहे. कित्येक ठिकाणी तो निधी मार्चअखेरीच्या वाटप समारंभात आणि छायाचित्रांत संपतो. त्यातूनच घरभेट देणाऱ्या प्रशिक्षकाचे मानधन, सुताराची आणि वायरमनची मजुरी द्यावी. भाड्याच्या घरात असे बदल करू देण्यास घरमालकाने आणि मजला बोलून सांगणारी लिफ्ट बसवण्यास सोसायटीने आडकाठी करू नये. पालिकांनी येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे.