घाट उतरताना

सुरतेच्या मराठी माणसाला गावी जायचे म्हणजे घाट चढणे आलेच. खानदेशाकडे निघालेला बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर अशी गावे मागे टाकीत कोंडाईबारीला लागतो. नाशिककडे निघालेला वघईवरून सापुताऱ्याची वाट धरतो. 1670 साली सुरतेहून परतताना शिवछत्रपतींचे सैन्यही बागलाणातूनच वर गेले होते. आज या वाटांनी सुरतेचे कापड वर जाते आणि देशावरचा कांदा-भाजीपाला खाली येतो. चढणीवर धापा टाकणारा ट्रक पाहून आपल्याला त्याची कणव येते. परंतु ट्रकचालकाची खरी कसोटी चढणीवर नसते, ती उतरणीवर असते.

ही कसोटी किती कठोर आहे याची साक्ष अलीकडच्या काही वर्षांनीच दिली आहे. 21 ऑक्टोबर 2020 च्या पहाटे मलकापूरहून सुरतेकडे येणारी खासगी बस कोंडाईबारी घाटात पुलावरून कोसळली आणि पाच जीव गेले. 4 जुलै 2023 रोजी धुळे जिल्ह्यात पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एक अवजड कंटेनर वाहनांना धडकत हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे मृत्युमुखी पडली. त्याचे ब्रेक निकामी झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. 2 फेब्रुवारी 2025 ला सापुतारा घाटात यात्रेकरूंची बस दरीत गेली. प्रत्येक अपघाताचे कारण निराळे असेल. पण ‘ब्रेक फेल झाला’ हे शब्द आपण वारंवार वाचतो, म्हणून ब्रेक निकामी होतो म्हणजे नेमके काय होते, ते समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

दहा चाकी ट्रकचे मालासह वजन कायद्याने 28.5 टनांपर्यंत असू शकते. एवढा भार 300 मीटर खाली उतरताना जी शक्ती मोकळी होते, ती सगळी उष्णतेत बदलली तर सुमारे 250 लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. चालक नुसत्या ब्रेकवर विसंबून उतरू लागला, तर यातील फार मोठा वाटा चाकांतील ड्रम आणि लायनर यांना सोसावा लागतो. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरतो. लायनरची पकडही तापल्यामुळे सैल पडते. पायाखाली ब्रेक असतो, पण गाडी ऐकत नाही. म्हणजे वरच्या वळणावर उत्तम चाललेला ब्रेक तळाशी येईपर्यंत दगा देतो, तो बहुधा मोडलेला नसतो. तो थकलेला असतो.

यावरचा उपाय जुनेजाणते चालक एका वाक्यात सांगतात : ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना मागे ओढून धरते, एक्झॉस्ट ब्रेक असल्यास त्याचीही जोड मिळते, आणि पायाच्या ब्रेकला विसावा मिळतो. गिअर मात्र उतार सुरू होण्यापूर्वीच बदलला पाहिजे. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी मोकळी सुटते. ब्रेकवर पाय सतत ठेवून घासत उतरू नये. वेग ठरलेल्या मर्यादेला पोचला की ठामपणे दाबावा, वेग थोडा उतरवावा आणि पाय काढून घ्यावा, म्हणजे ड्रमला निवण्यास अवसर मिळतो.

याच्या अगदी उलट म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरण्याची खोड. डिझेल वाचते, या समजुतीने काहीजण इंजिनही बंद करतात. इंजिन थांबले की ब्रेकला लागणारी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. दर दाबागणिक हवेचा साठा उणा होत जातो आणि स्टिअरिंग जड होते. शिवाय ही बचतही फसवी आहे. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडलेला असेल, तर उतारावर इंधनाचा पुरवठा बहुतांशी आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. पै वाचविण्याच्या नादात प्राण पणाला लावावेत, अशी ती पैही तेथे नाही.

परंतु सारा भार चालकाच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही. मर्यादेबाहेर माल लादणारा तो एकटा नसतो. कायद्याने मोटार वाहतूक कामगाराच्या कामाला दिवसाचे आठ तास ठरवून दिले असले, तरी ‘पहाटेपर्यंत माल पोचलाच पाहिजे’ असा निरोप देणारा मालधनीही असतोच, आणि आपल्या वाचकांपैकी कित्येकांचा कापडाच्या व्यापाराशी संबंध आहे. दोन तासांचा उशीर सोसण्याची तयारी दाखविली, तर घाटमाथ्यावर थांबून चाके, ब्रेक आणि हवेचा दाब पाहण्यास चालकाला उसंत मिळेल.

सुट्टीत मोटारीने गावी जाणाऱ्यांनीही एवढे पाळावे : उतरणीवर ट्रकने पुढे राखलेली मोकळी जागा ही त्याची थांबण्याची जागा असते; तिच्यात आपली गाडी घुसवू नये. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. ट्रकच्या चाकांतून धूर किंवा जळका वास येत असेल, तर अंतर वाढवून त्याला सुरक्षितपणे पुढे जाऊ द्यावे. आणि बंद पडलेल्या गाडीच्या चाकाखाली लावलेला दगड निघताना रस्त्याबाहेर टाकावा. रात्री मागून येणाऱ्याला तो दिसत नाही.