बालीत परदेशी लोकांचं झकास चाललंय, मग स्थानिक लोक वैतागलेत का?

बालीचं एक रील तुम्ही नक्की पाहिलं असेल. व्हिलाचा स्विमिंग पूल, त्याच्यापलीकडे हिरवंगार भातशेत, टेबलावर लॅपटॉप आणि शेजारी शहाळं. ऑफिस नाही, ट्रॅफिक नाही, बॉस हजारो किलोमीटर लांब.

त्या पूलमधलं पाणी कुठून येतं, व्हिलाचा कचरा कुठे जातो आणि ते शेत पुढच्या वर्षी तिथे असेल का, हे मात्र रीलमध्ये दिसत नाही. बालीत सध्या सगळा वाद यावरच सुरू आहे.

पर्यटक वेगळे, मुक्कामी वेगळे

इंडोनेशियातल्या या बेटाची लोकसंख्या ४० लाखांच्या थोडी वर आहे. २०२४ मध्ये तिथे ६० लाखांहून जास्त परदेशी पर्यटक आले. त्यात ऑस्ट्रेलियन लोक पहिल्या नंबरवर, तर भारतीय दुसऱ्या. पण पर्यटक आठवडाभर फिरून घरी जातो. इथे विषय आहे महिनोन्‌महिने राहणाऱ्यांचा, म्हणजे ऑनलाइन काम करणारे, सर्फिंगवाले, निवृत्त झालेले.

यांचं आवडतं ठिकाण म्हणजे बाडुंग जिल्ह्यातलं, समुद्राकाठचं चांगू. (हो, उच्चार आपल्या चांगू-मांगूमधलाच.) काही वर्षांपूर्वीपर्यंत इथे भातशेती होती आणि लाटांच्या शोधात येणारे थोडे सर्फर. आता कॅफे, जिम, योगा स्टुडिओ, बीच क्लब आणि को-वर्किंगच्या जागांची रांग लागली आहे.

ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी इंडोनेशियाने एक वर्षाचा खास व्हिसा काढला आहे. अट अशी की तुमचं उत्पन्न देशाबाहेरून यायला हवं आणि ते वर्षाला किमान ६० हजार डॉलर, म्हणजे ५० लाख रुपयांच्या वर असायला हवं. याच चांगूत कॉफी बनवणाऱ्या कामगाराला लागू होणारं २०२५ चं किमान वेतन महिन्याला सुमारे ३५ लाख रुपिया होतं. आपल्या रुपयांत साधारण १८-१९ हजार. म्हणजे एकाच टेबलाच्या दोन बाजूंच्या उत्पन्नात वीसपटीहून जास्त फरक आहे. घरभाडं कोणाच्या खिशाकडे बघून ठरतं, हे वेगळं सांगायला नको.

विकत मिळणाऱ्या सुविधा आणि सगळ्यांच्या सुविधा

खासगी सुविधा मागणी आली की उभ्या राहतात. कॅफे काही महिन्यांत सुरू होतो. रस्ता, गटार, पाणी आणि कचरा यांचं तसं होत नाही.

पाणी: नळाचं पाणी पिण्यासारखं नसल्यामुळे लोक १९ लिटरचे जार घेतात. बाकी वापरासाठी हॉटेलं आणि व्हिला सर्रास जमिनीतून पाणी उपसतात. दक्षिण बालीत भूजल खाली चाललंय आणि किनाऱ्यालगत विहिरींत खारं पाणी शिरण्याचा धोका आहे, असा इशारा संशोधक कित्येक वर्षं देत आहेत. पैसेवाला बोअर आणखी खोल मारतो. शेजारच्या साध्या घराची विहीर तेवढी खोल जात नाही.

रस्ते: शेतातून जाणारा ‘चांगू शॉर्टकट’ इंटरनेटवर प्रसिद्ध आहे, कारण त्यावरून गाड्या थेट भातात पडतात. व्हिडिओ बघायला मजा येते. पण शेतात जाण्यापुरत्या रुंदीच्या वाटेवरून अख्ख्या शहराची वाहतूक चालली आहे, हे त्यामागचं खरं कारण.

कचरा: दक्षिण बालीचा बराचसा कचरा वर्षानुवर्षं देनपासारजवळच्या सुवुंग डेपोत जात आला. डेपो कधीच भरला, तरी तो बंद करण्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली.

दवाखाने: स्थानिकांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा आणि सरकारी केंद्रं आहेत. परदेशी लोक खासगी हॉस्पिटलमध्ये जातात. २०२५ मध्ये सानूरला मोठं आंतरराष्ट्रीय हॉस्पिटलही सुरू झालं. म्हणजे गाव एकच, पण रांगा दोन.

शेत विकलं नाही, तरी गेलं

१९६० च्या जमीन कायद्यानुसार इंडोनेशियात परदेशी माणूस जमिनीचा पूर्ण मालक होऊ शकत नाही. म्हणून २५-३० वर्षांचे भाडेकरार होतात. कागदावर मालक शेतकरीच राहतो, पण भाताच्या जागी काँक्रीट उभं राहतं. कुणा स्थानिकाच्या नावावर जमीन घेण्याची पळवाटही आहे. ती बेकायदा आहे.

एक शेत गेलं की नुकसान एकाच शेतकऱ्याचं होत नाही. बालीत पाणीवाटपाची ‘सुबक’ नावाची हजार वर्षांहून जुनी पद्धत आहे. वरच्या शेतातून खालच्या शेतात पाणी सोडायचं आणि पाळ्या सगळ्यांनी बसून ठरवायच्या. युनेस्कोने २०१२ मध्ये तिला जागतिक वारसा यादीत घेतलं. मधलं एक शेत बुजवून व्हिला बांधला, की पाट तुटतो आणि खालचा शेतकरीही अडचणीत येतो. मग तोही करार करून मोकळा होतो.

पैसा येतो, पण कुठे जातो?

हॉटेल-रेस्टॉरंटच्या बिलावरचा १० टक्के स्थानिक कर जिल्ह्याला मिळतो. पण नोंदणी न करता ऑनलाइन भाड्याने दिलेले व्हिला यातून निसटतात, ही सरकारची जुनी तक्रार आहे.

१४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपिया, म्हणजे आठशे-नऊशे रुपये शुल्क भरावं लागतं. गंमत म्हणजे निवास परवाना असलेल्यांना ते माफ आहे. आठवडाभर येणारा भरतो, वर्षभर राहणारा भरत नाही.

मग परदेशी लोकच व्हिलन?

तसंही नाही. कोविडमध्ये परदेशी लोक येणं थांबलं, तेव्हा २०२० मध्ये बालीची अर्थव्यवस्था ९ टक्क्यांहून जास्त आकसली. वेटर, ड्रायव्हर, गाईड यांना पुन्हा शेतीकडे आणि मासेमारीकडे वळावं लागलं. शिवाय व्हिला बांधणाऱ्यांत जकार्ताचे गुंतवणूकदार आहेत, बालीचे लोकही आहेत. आणि परवानगीवर सही परदेशी माणूस करत नाही.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात बालीत डझनाहून जास्त लोकांचा जीव गेला. शेतं आणि नाले बुजवून झालेल्या बांधकामांवर बोट ठेवलं गेलं. त्यानंतर गव्हर्नर वायान कोस्टर यांनी शेतजमिनीवर नवी हॉटेलं आणि रेस्टॉरंटं होऊ देणार नाही, असं जाहीर केलं. पण अशा घोषणा बालीने आधीही ऐकल्या आहेत.

आपल्याला काय त्याचं?

गोव्यातही हाच वाद पेटलेला आहे, फक्त तिथे घर घेणारे बहुतेक दिल्ली-मुंबईचे आहेत. आराखड्यात जमिनीचा झोन बदलून देणाऱ्या १७(२) या कलमाचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. कोकणातही किनाऱ्यावर सेकंड होमच्या जाहिराती वाढल्या आहेत.

बालीचा अनुभव बघता ‘बाहेरचे लोक येऊ द्यायचे का’ या प्रश्नावर भांडून फार काही हाती लागत नाही. प्रत्येक नव्या व्हिलाला परवानगी देताना त्याचं पाणी कुठलं, सांडपाणी कुठे जाणार, कचरा कोण उचलणार आणि कर कोण भरणार, हे चार प्रश्न विचारता येतात. बालीत हे प्रश्न व्हिला उभे राहिल्यावर विचारले गेले. कोकणात बऱ्याच गावांना ते अजून आधी विचारता येतील.