पिशवी काढण्याआधी

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची 2019 मध्ये शासकीय पाहणी झाली. सुमारे 82 हजारांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पिशवी ठेवल्यास कर्करोग होईल, अशी भीती डॉक्टरांनी घातल्याचे अनेकींनी सांगितले. उचल घेतलेल्या जोडप्याला एक खाडाही परवडत नाही. मग पाळीची कटकटच नको, हा विचार त्या भीतीला पूरक ठरला.

वस्तुतः गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो आणि त्याची पूर्वचिन्हे कित्येक वर्षे आधी ओळखता येतात. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या सेविकांनी निव्वळ व्हिनेगर लावून ज्यांची तपासणी केली, त्या गटात या रोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 30 ते 49 वयाच्या दोन टक्के स्त्रियांचीही अशी तपासणी कधी झालेली नव्हती. व्हिनेगरमध्ये कोणाची कमाई नाही, हे उघडच आहे!

कोवळ्या वयातील लग्ने आणि लागोपाठची बाळंतपणे हा धोका वाढवितात. लस 9 ते 14 या वयात द्यावयाची. परंतु ती केवळ शाळांतून दिल्यास फडावरच्या मुली वगळल्या जातील. टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. तत्पूर्वी तिशीपुढील प्रत्येकीची तपासणी व मुलींचे लसीकरण शासनाने करावे, खर्च साखर कारखान्यांकडून घ्यावा आणि उपचाराच्या दिवसांचा खाडा मुकादमाने धरू नये.